पेन्सिलीनं भरलेला फॉर्म

परदेशातल्या कुठल्याशा कचेरीचा फॉर्म आलाय,
देशाची माहिती भरून पाठवा म्हणतात.
सांख्यिकी खात्यात आम्ही तिघी,
त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर.
म्हणून फॉर्म माझ्या टेबलावर, पंख्याखाली,
वर वजनाला कवडी.

नद्या : नाहीत.
पर्वत : नाहीत.
लोहमार्ग किती किलोमीटर?
सुनेमाला वाचून दाखवलं,
ती खुर्चीवरून पडायचीच बाकी होती.

बेटं नऊ.
देशाच्या नावाचा अर्थ मात्र 'आठ, एकत्र उभी'.
नवव्यावर तेव्हा कुणाची वस्ती नव्हती.
म्हणजे मोजणीतली चूक आमच्या नावातच,
आणि मी मोजणी खात्यात.

क्षेत्रफळ?
भरतीचं लिहू की ओहोटीचं?
फेब्रुवारीतल्या मोठ्या भरतीला
पाणी किनारा ओलांडून येत नाही,
जमिनीतूनच वर येतं,
अंगणातल्या भोकांतून बुडबुडत,
खेकड्यांना विचारून आल्यासारखं.

सर्वोच्च बिंदू :
इथे चार-साडेचार मीटर असं काहीतरी लिहायचं असतं.
पण रोज सकाळ-संध्याकाळ तेआगाई माडावर चढतो,
पोय कापतो, बाटली बांधतो,
वरूनच चार घरांची विचारपूस करतो, गातो.
तेवढा वेळ देशाचा सर्वोच्च बिंदू
त्याच्या डोक्यावरची टोपी.
तो उतरला की आम्ही पुन्हा सपाट.

मुख्य पीक : पुलाका.
अळू माहीत असेल, तर त्याचा दांडगा थोरला भाऊ समजा.
माणसाएवढ्या खड्ड्यात वाढतो, पालापाचोळा खातो.
आई खड्ड्यात उतरते,
तळाच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावते,
काही बोलत नाही.
येताना दुकानातून तांदूळ आणते.
हे आयातीच्या रकान्यात कसं लिहायचं?

निर्यात : दिवस.
खरंच, आम्ही दिवस विकतो.
परक्या जहाजांनी आमच्या पाण्यात ट्यूना धरायचा,
आणि दिवसावर पैसे मोजायचे.
वर्षाला तीनशे पासष्टच दिवस असतात
हे मासेमारी खात्याला मान्य नाही.
शिवाय इंटरनेटवर आमच्या नावाची दोन अक्षरं
भाड्यानं दिलेली आहेत.
लोक त्यांच्या आडोशाला बसून काय काय बघतात,
घरमालक कोण ते विचारत नाहीत.
आणि पुरुष. तेही निर्यातीतच धरा.
माझा नवरा मालवाहू जहाजावर,
या महिन्यात अटलांटिक,
पुढच्या महिन्यात पैसे.

शासन :
राजा दुसऱ्या महासागराच्या काठी, इथे नाण्यावर.
खासदार सोळा. पक्ष एकही नाही.
भांडायला पक्ष कशाला लागतो?
दुपारी ज्यानं अविश्वासाचा ठराव मांडला
तोच संध्याकाळी धावपट्टीवर
मंत्र्याला चेंडू उचलून देतो,
कारण दोघं जाळ्याच्या एकाच बाजूला.
विमान कधीमधी येतं.
एरवी धावपट्टी म्हणजे मैदान,
आणि उकाड्याच्या रात्री अख्ख्या गावाचं अंथरूण.

लोकसंख्या :
हा आकडा मी पेन्सिलीनं लिहिला.

गुरुवारी भोंगा झाला.
पोरं, मोटरसायकली, दोन डुकरं बाजूला झाली.
माझा भाऊ पेनिवाओ,
परदेशी व्हिसाच्या सोडतीत नाव निघालेला,
गळ्यात फुलांच्या माळा, कान झाकतील इतक्या.
आईनं पुलाक्याचा कंद भाजून आणला होता.
"तिकडे उतरल्यावर जप्त करतील," तो म्हणाला.
"मग इथेच संपव," आई म्हणाली.
तो उभ्यानं खात राहिला
भोंगा दुसऱ्यांदा होईपर्यंत.

विमान गेल्यावर जाळं पुन्हा बांधलं.
आमच्या बाजूला एक गडी कमी.
कुणीतरी मला हाक मारली.
म्हटलं, थांबा, कचेरीत जाऊन आले,
एक आकडा खोडायचा राहिलाय.